बोरीबंदर कोणी बांधले?

विठ्ठलवाडीच्या फलाटावर उभे राहिले म्हणजे आपण दोन थोर इमारतींच्या मधोमध उभे आहो, ही गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. कर्जतकडची गाडी धरली तर दुसऱ्याच स्टेशनावर अंबरनाथ येते, आणि तेथे वालधुनीच्या काठी काळ्या पाषाणाचे ते प्राचीन शिवालय आहे. उलट दिशेची गाडी धरली तर कल्याण, ठाणे, दादर करीत ती सव्वा-दीड तासात बोरीबंदरास जाऊन थांबते. आमचा अर्धा जन्म ह्या दुसऱ्या प्रवासात गेला; पण जेथे रोज उतरावयाचे तेथे मान वर करून पाहण्याचा प्रसंग क्वचितच आला. नोकरदार मनुष्याची दृष्टी घड्याळापलीकडे जात नाही, हे त्याचे कारण.

मागील दिवाळीत आमच्या बहिणीचा मुलगा सुटीस आला होता. वय दहा वर्षांचे, आणि प्रश्न विचारण्याची हौस दांडगी. पहिल्या दिवशी आम्ही त्यास अंबरनाथास नेले. देवळाच्या भिंतीवरील मूर्ती पाहून त्याने तेथे बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांस विचारले, "आजोबा, हे कोणी बांधले?" ते सहज म्हणाले, "पांडवांनी, बाळ. एका रात्रीत." दुसऱ्या दिवशी बोरीबंदरच्या चौकात उभे राहून त्याने तोच प्रश्न आम्हांस केला, "मामा, हे कोणी बांधले?" आम्हीही तितक्याच सहजपणे उत्तर दिले, "इंग्रजांनी." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "तेही एका रात्रीत का?"

आम्ही हसलो खरे, परंतु ते हसू फार वेळ टिकले नाही. त्या वृद्ध गृहस्थांच्या उत्तरात आणि आमच्या उत्तरात अंतर ते काय होते? त्यांनी एका दंतकथेचा आधार घेतला, आम्ही एका जातिवाचक नावाचा. ज्यांनी कागदावर रेघ ओढली, ओळंबा धरला, दगडावर टाकी चालविली, ती माणसे दोन्ही उत्तरांत सारखीच नाहीशी झाली. त्या मुलास द्यावयाचे खरे उत्तर शोधण्याचा यत्न आम्ही केला. तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहो.

अंबरनाथाविषयी प्रथम थोडे सांगितले पाहिजे. ते देऊळ पांडवांचे नव्हे, ही गोष्ट त्या देवळानेच जपून ठेविली आहे. उत्तरेकडील दाराच्या तुळईवर एक शिलालेख आहे. तो डॉक्टर भाऊ दाजी लाड ह्यांनी उजेडात आणला. त्यांनी त्यातील शक ७८२ असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी तो शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा दुरुस्त केला, आणि हेच वाचन आता मान्य आहे. कोकणच्या शिलाहारांपैकी महामंडलेश्वर मांवाणिराज, ज्यास मुम्मुणि असेही म्हणतात, त्याच्या कारकीर्दीचा हा लेख होय. त्यात राजाचे नाव आहे, त्याच्या अधिकाऱ्यांची नावे आहेत, पाथरवटांची नाहीत. ज्या बुद्धीने गाभारा सभामंडपाच्या पातळीहून खाली उतरविला आणि बाहेरच्या भिंतीस कोनांमागून कोन पाडून दगडावर उन्हाचा व सावलीचा खेळ मांडला, ती बुद्धी कोणाची हे सांगणारी ओळ कोणी कोरली नाही. जेथे नाव नाही तेथे लोकांनी पांडवांस आणून बसविले, ह्यात नवल नाही. रिकामी जागा लोकांच्या मनास सोसत नाही.

परंतु बोरीबंदर काही अकराव्या शतकातील नव्हे. त्याचे कागद आहेत, हिशेब आहेत, छायाचित्रे आहेत. तेथे 'इंग्रजांनी' एवढ्यावर भागविण्यास आम्हांस कोणतीच सबब नाही.

मुंबईची ही नवी नगरी उभी राहिली ती एका दूरच्या युद्धामुळे. १८६१ साली अमेरिकेत उत्तरेकडील व दक्षिणेकडील संस्थानांमध्ये यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांस मिळणारा तेथील कापूस बंद पडला, आणि आमच्या इकडील कापसास सोन्याचा भाव आला. १८६५ पर्यंत मुंबईत पैशाचा पूर लोटला, आणि युद्ध संपताच तो तितक्याच वेगाने ओसरला. मध्यंतरी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांनी कोटाचा जुना तट पाडून टाकिला आणि त्या मोकळ्या जागेवर सार्वजनिक इमारतींची रांग उभारण्याचे ठरविले. त्याच यादवीने एका तरुण अमेरिकन स्थपतीसही पॅरिसमध्ये कफल्लक करून सोडिले होते. त्याचे नाव हेन्री हॉब्सन रिचर्डसन. त्याचे घर दक्षिणेकडील लुइझियाना संस्थानात. युद्धामुळे घरून येणारा पैसा तुटला, आणि शिकत शिकतच त्यास एका फ्रेंच स्थपतीच्या कचेरीत चाकरी करावी लागली. ह्या रिचर्डसनची गाठ आपणांस पुढे पुन्हा पडावयाची आहे.

बोरीबंदरचा आराखडा करणारे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ह्यांचा जन्म १८४७ साली इंग्लंडातील बाथ ह्या गावी झाला. रोमन काळापासून उन्हाळ्यांसाठी, म्हणजे ऊन पाण्याच्या झऱ्यांसाठी, प्रसिद्ध असलेले आणि पिवळसर दगडाच्या सुरेख घरांनी भरलेले ते गाव. तेथील स्थपती चार्ल्स डेव्हिस ह्यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. १८६७ साली हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठी घेतलेल्या चढाओढीच्या परीक्षेत उतरून ते विशीच्या उंबरठ्यावर इकडे आले. पहिली नेमणूक पुण्यास झाली. १८६८ साली ते मुंबईत कर्नल फुलर ह्यांच्या हाताखाली रुजू झाले. पुढे हायकोर्टाची इमारत ज्यांनी उभारली तेच हे फुलर. ह्यानंतर स्टीव्हन्स ह्यांचे सारे कर्तृत्व मुंबईतच घडले, आणि त्यांचा देहही मुंबईतच पडला.

त्यांचे पहिले मोठे काम अपोलो बंदरानजीकचे खलाशांचे विश्रामगृह, म्हणजे रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. त्याची कोनशिला राणीचे पुत्र आल्फ्रेड ह्यांच्या हस्ते १८७० साली बसली, बांधकाम १८७२ त सुरू झाले आणि १८७६ त पुरे झाले. नाव राजपुत्राचे असले तरी खर्चातील २ लाख रुपये बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी दिले होते. पुढे १९२८ साली ह्या इमारतीत मुंबईचे कायदेमंडळ भरू लागले, आणि १९८२ पासून तेथे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्य ठाणे आहे. इमारतीचे धनी बदलतात, उपयोग बदलतात, पण भिंती आपले काम निमूटपणे करीत राहतात, ह्याचे हे एक उदाहरण.

त्याच वर्षांत थोड्या अंतरावर विद्यापीठाचे सभागृह आणि राजाबाई मनोरा उभे राहत होते. त्यांचे नकाशे लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट ह्यांनी काढले. ह्या स्कॉटसाहेबांनी हिंदुस्थानच्या भूमीवर कधी पाऊल ठेविले नाही. नकाशे आगबोटीने आले; पुढचे सारे येथल्या माणसांनी केले. त्यांत आमचे रावबहादूर मुकुंद रामचंद्र हे सहायक एंजिनिअर होते. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातींच्या लोकांच्या ज्या २४ मूर्ती आहेत त्यांचे नमुने ह्याच मुकुंद रामचंद्रांनी घडविले. म्हणजे ज्या मनोऱ्यास आपण स्कॉटचा मनोरा म्हणून दाखवितो, त्याच्या अंगाखांद्यावरची माणसे एका मराठी एंजिनिअरच्या बोटांतून उतरली आहेत. हे ज्यांस ठाऊक आहे असे किती विद्वान आपल्यात निघतील, ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

आता मुख्य विषयाकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. दुसऱ्या वर्षी ती कल्याणास पोचली, आणि १८५६ साली बदलापूर, नेरळ करीत खोपोलीपर्यंत. आमच्या विठ्ठलवाडीवरून जाणारा लोखंडी रस्ता तो हाच. १८६३ त बोरघाट व १८६५ त थळघाट चढून गेल्यावर ह्या रेल्वेचा पसारा इतका वाढला, की बोरीबंदरचे पहिले लाकडी, तोकडे स्टेशन तिच्या वैभवास शोभेनासे झाले. नवे स्टेशन व त्यास लागून कंपनीची कचेरी बांधावयाची ठरली. कंपनीने सरकाराकडून स्टीव्हन्स ह्यांस मागून घेतले, तेव्हा ते तीस वर्षांचे होते. काम हाती घेण्यापूर्वी त्यांनी सुमारे दहा महिने युरोपात हिंडून तेथील मोठमोठी स्टेशने पाहिली. १८७८ त ॲक्सेल हेग नावाच्या कुशल चित्रकाराने त्यांच्या आराखड्यावरून एक रंगीत चित्र काढले. ते १८८० साली लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत मांडले गेले. इमारत अजून पायात होती, तोच तिची कीर्ती समुद्रापलीकडे पोचली.

१८७८ त काम सुरू झाले. १ जानेवारी १८८२ पासून स्टेशन वापरात आले. १८८७ साली राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवात त्यास तिचे नाव मिळाले, आणि १८८८ त कचेरीसह सारे काम संपले. कचेरीच्या इमारतीस सुमारे १६ लाख १४ हजार रुपये लागले. ह्या आकड्यासंबंधी एक चूक फार पसरली आहे, ती येथेच दुरुस्त करणे बरे. एवढी रक्कम स्टीव्हन्स ह्यांस मेहनताना म्हणून मिळाली, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. पण तो आकडा इमारतीच्या खर्चाचा आहे. स्टीव्हन्स त्या वेळी सरकारी नोकर असून कंपनीकडे केवळ उसने गेले होते. त्यांनी पुढे बांधलेली म्युनिसिपालिटीची संपूर्ण इमारत ह्याहून कमी पैशांत झाली. एका स्थपतीचा मेहनताना दुसऱ्या राजवाड्यासारख्या इमारतीच्या किमतीहून अधिक असेल, हे संभवते तरी का? परंतु एकाने लिहिले की दुसरा उतरून घेतो, आणि चूक पांडवांच्या गोष्टीसारखी अमर होते.

इमारतीचे वर्णन करावयाचे तर ती पाहिलेली नाही असा वाचक विरळा. म्हणून पाहूनही जे नजरेतून निसटते तेवढेच सांगतो. मध्यभागी जो अष्टकोनी, फासळ्यांचा दगडी घुमट आहे, तो खालून लाकडी आधार न देता, एकमेकांत गुंतणाऱ्या फासळ्या रचीत वर चढविला. घुमट जोवर मिटत नाही तोवर तो स्वतःच्या अंगावरच उभा राहावयाचा. एक दगड चुकला तर साऱ्या मेहनतीची माती. त्या काळी ही मोठी धाडसाची गोष्ट समजली गेली. त्याच्या शिखरावर हातात मशाल घेतलेली प्रगतीची मूर्ती आहे. ती व दर्शनी बाजूवरील शेती, व्यापार व एंजिनिअरिंग ह्यांच्या मूर्ती टॉमस अर्प ह्या इंग्रज शिल्पकाराच्या. दारावरील दोन खांबांवर एका बाजूस इंग्लंडचा सिंह व दुसऱ्या बाजूस हिंदुस्थानचा वाघ बसला आहे. दर्शनी भिंतीवर रेल्वेशी संबंध असलेल्या दहा गृहस्थांचे मुखवटे आहेत. त्यांत सर जमशेटजी जिजीभाई आणि आमचे नाना शंकरशेट आहेत. ज्या नानांनी रेल्वे मुंबईत यावी म्हणून खटपट केली, त्यांचा चेहरा त्या गर्दीवर आजही दृष्टी ठेवून आहे, आणि त्या गर्दीतील हजारांत एक तरी वर पाहतो की नाही कोण जाणे.

पण आमच्या मनास सर्वांत गोड वाटते ती ह्या मोठ्या मूर्तींची शोभा नव्हे. खांबांच्या माथ्यांवर, कमानींच्या कोपऱ्यांत, पावसाच्या पाण्याच्या पन्हळींवर जी पाने, वेली, मोर, माकडे व इतर लहानसहान जीव कोरले आहेत, ते पाहावेत. तो सारा कशिदा मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा आहे. त्यांचे गुरू जॉन ग्रिफिथ्स. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे ते हेच. आणि येथे आमच्या दोन्ही इमारतींची एक अकल्पित सांगड पडते. १८६८ साली सरकारी हुकुमाने अंबरनाथच्या देवळाचे नकाशे काढण्यास व शिल्पांचे साचे घेण्यास जी मंडळी आली होती, तीही ह्याच कलाशाळेची. दहा वर्षांच्या अंतराने एकाच शाळेची मुले शिलाहारांच्या दगडावरून हात फिरवीत होती आणि बोरीबंदरच्या दगडावर हात चालवीत होती. माणसे तीच होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु शाळेची परंपरा एकच होती, आणि इटलीच्या धर्तीच्या कमानीखाली आमच्या रानातला मोर येऊन बसला तो ह्याच वाटेने.

आता ज्या नावासाठी हा लेखनप्रपंच, त्याकडे येतो. बोरीबंदरच्या कामावर स्टीव्हन्स ह्यांचे सहायक एंजिनिअर होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, आणि देखरेखीवर होते एम. एम. जनार्दन. सहायक एंजिनिअर हे शब्द आपण ऐकतो आणि पुढे जातो. पण ह्या पदाचा अर्थ काय? मूळ नकाशात कमान चार बोटांची असते. ती चाळीस फुटांची करताना तिचा प्रत्येक दगड किती इंचांचा, त्याची तोंडे कोणत्या कोनात कापावयाची, कुर्ल्याचा दगड कोठे व मालाडचा पिवळसर दगड कोठे, कोरीवकामास मऊ असा पोरबंदरचा दगड कधी मागवावयाचा, पावसाळ्यापूर्वी कोणते काम झाकावयाचे, ह्या सर्वांची उत्तरे रोज सकाळी कोणास तरी गवंड्यांपुढे उभे राहून द्यावी लागतात. तीही त्यांच्या भाषेत. आराखडा हा संकल्प. तो सिद्धीस नेण्याचे काम ह्या मधल्या माणसांचे. ते एका दिवसाचे नव्हे, दहा वर्षांचे.

आणि स्टीव्हन्स ह्यांस ह्या माणसाचे मोल कळले होते, ह्याचा पुरावा पुढच्याच कामात मिळतो. सरकारी नोकरी सोडून त्यांनी स्वतंत्र व्यवसाय मांडला होता. मुंबई म्युनिसिपालिटीच्या नव्या इमारतीची कोनशिला १८८४ च्या डिसेंबरात लॉर्ड रिपन ह्यांच्या हस्ते बसली होती, पण आराखड्याचा वाद रेंगाळला. मद्रासकडील नामांकित स्थपती रॉबर्ट चिझम ह्यांचा मुसलमानी धर्तीचा आराखडा एका बाजूस व स्टीव्हन्स ह्यांचा गॉथिक धर्तीचा दुसऱ्या बाजूस. निवड स्टीव्हन्स ह्यांची झाली. गंमत अशी की पूर्ण झालेल्या इमारतीकडे पाहिले तर कमानी जरी पाश्चात्त्य, तरी घुमट विजापूर-गुजराथेची आठवण करून देणारे आहेत. प्रतिपक्षाचे म्हणणे ज्याने आपल्या कामात सामावून घेतले तो खरा विजयी, असे आम्हांस वाटते. २५ एप्रिल १८८९ रोजी काम सुरू झाले आणि ३१ जुलै १८९३ रोजी संपले. ह्या कामाशी चार नावे जोडलेली आहेत: स्थपती स्टीव्हन्स, म्युनिसिपालिटीचे एंजिनिअर रिएन्झी वॉल्टन, सहायक एंजिनिअर रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, आणि मक्तेदार व्यंकू बाळूजी काळेवार.

खर्चाची मंजुरी ११,८८,०८२ रुपयांची होती, लागले ११,१९,९६९. म्हणजे ६८,११३ रुपये शिल्लक पडले! सार्वजनिक कामात अंदाजापेक्षा कमी खर्च व्हावा, ही गोष्ट आज कोणी सांगितली तर तिलाही दंतकथाच म्हणतील. सुंदर आराखड्याने पैसे वाचत नाहीत. ते वाचतात दगडाचा तुकडा वाया न घालविणाऱ्या मक्तेदाराने आणि मोजमापात कसूर न होऊ देणाऱ्या एंजिनिअराने. ह्या शिल्लकेत वैद्यांचा आणि काळेवारांचा वाटा आहे, आणि तो कोणत्याही मूर्तीहून कमी सुंदर नाही.

ह्यानंतर स्टीव्हन्स ह्यांनी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची चर्चगेटजवळील कचेरी हाती घेतली. १८९४ पासून १८९९ पर्यंत ती बांधली जात होती; आज ती पश्चिम रेल्वेची मुख्य कचेरी आहे. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या कचेऱ्या एकाच हाताने आखल्या, हा योग दुर्मीळच. १८८९ साली त्यांस सी. आय. ई. ही पदवी मिळाली होती. १९०० च्या मार्चमध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, हिवतापाने ते मुंबईतच वारले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांस मूठमाती मिळाली. ज्या शहरास त्यांनी दगडाचे रूप दिले, त्याच शहराच्या डासांनी त्यांस नेले. हाती राहिलेली कामे त्यांचे पुत्र चार्ल्स ह्यांनी पुरी केली.

आणि वैद्य? मुंबईच्या बंदरावर जमशेटजी टाटा ह्यांनी जे ताजमहाल हॉटेल बांधावयास घेतले, त्याचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा ह्यांनी केला. दुसऱ्याच्या आराखड्यावर वर्षांमागून वर्षे राबलेला हा मनुष्य अखेर स्वतःच्या आराखड्यावर उभा राहिला. ताजमहालाच्या मधल्या घुमटाकडे पाहून ज्यास बोरीबंदरचा घुमट आठवत नाही, त्याने दोन्ही पुन्हा एकदा पाहावेत. परंतु दैव असे, की ते काम पुरे होण्यापूर्वीच वैद्य वारले. चेंबर्स नावाच्या इंग्रज एंजिनिअराने ते तडीस नेले, आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले.

पुढे लोकांनी काय केले ते पाहा. एका युरोपियन स्थपतीने हॉटेलचा आराखडा केला, तो विलायतेस गेला, परत येऊन पाहतो तो इमारत उलटी बांधलेली, तिचे तोंड समुद्राऐवजी गावाकडे. म्हणून त्याने उडी घेऊन प्राण दिला, अशी कथा मुंबईत घरोघर सांगतात. ती सर्वस्वी खोटी आहे. आराखडा करणारा युरोपियन नव्हता, तो विलायतेस गेला नव्हता, आणि इमारत उलटी झालेली नाही. पण ह्या कथेची रचना न्याहाळण्यासारखी आहे. तीत चूक करणारे अडाणी लोक ते आपले, आणि चुकीने प्राण देण्याइतका जातिवंत कलावंत तो परका! आमच्याच माणसाचे काम आम्ही परक्याच्या नावे करून दिले, आणि वर आमच्याच गवंड्यांच्या माथी खोटा दोष मारला. एखाद्या समाजाने स्वतःविषयी ह्याहून वाईट गोष्ट रचल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

आता त्या अमेरिकन स्थपतीची आठवण करू. पॅरिसमध्ये पै पैस महाग झालेला रिचर्डसन १८६५ त मायदेशी परतला आणि बॉस्टन येथील ट्रिनिटी चर्चने थोड्याच वर्षांत देशभर नावारूपास आला. जाड, खडबडीत दगडाच्या, रुंद कमानींच्या त्याच्या इमारतींस त्याच्याच नावाची शैली म्हणतात. १८८१ नंतर, म्हणजे इकडे बोरीबंदर उभे राहत असताना, त्याने एका रेल्वे कंपनीसाठी लहान लहान गावांची स्टेशने बांधली. विठ्ठलवाडीएवढ्या स्टेशनाससुद्धा पहिल्या प्रतीचा स्थपती लाभावा, ही कल्पना आम्हांस तरी हेवा वाटावा अशी आहे. तोही अल्पायुषी, १८८६ त सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. परंतु त्याच्या कचेरीत हाताखाली काम करणारे मॅकिम आणि व्हाइट हे दोघे पुढे स्वतंत्र होऊन अमेरिकेतील अग्रगण्य स्थपती ठरले. त्यांची चरित्रे लिहिली गेली, आणि ती लिहिताना ते रिचर्डसनच्या हाताखाली होते हे अभिमानाने नोंदविले गेले. सहायक असणे ही तेथे पहिली पायरी होती. येथे पारतंत्र्यात तीच पायरी शेवटची ठरे. आणि जो कोणी वैद्यांसारखा ती ओलांडून गेला, त्यास त्याच्या मागून येणाऱ्यांनी पुन्हा खाली आणून बसविले. पहिला अन्याय परक्यांचा होता. दुसरा आमचा आहे.

कोणी म्हणतील, ह्या इमारती परसत्तेच्या वैभवाच्या; त्यांची एवढी थोरवी कशास गावी? आक्षेप खरा आहे आणि तो टाळण्याची आमची इच्छा नाही. बोरीबंदरचा पाया घातला त्या सुमारास, १८७६ ते १८७८ ह्या वर्षांत, दख्खनेत व मद्रासेकडे भयंकर दुष्काळ पडून लाखो माणसे मेली. रेल्वे कंपनीच्या भागीदारांस शेकडा ५ व्याजाची हमी होती, आणि ती हमी ह्याच देशाच्या तिजोरीतून दिलेली होती. त्या दगडांत रयतेचा घाम आहे, हे विसरून चालणार नाही. पण म्हणूनच ते दगड परक्यांचे नव्हेत. ज्याचा पैसा, ज्याचा दगड आणि ज्याचे हात, त्याचा त्या इमारतीवर काही हक्क आहे की नाही? स्टेशनाचे नाव १९९६ साली बदलून छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७ त त्यात 'महाराज' हा शब्द आला. मध्यंतरी २००४ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशात स्थान दिले. नाव आपले झाले, मान जगाने दिला. आता बांधणाऱ्यांची ओळख तेवढी करून घेणे राहिले आहे.

'इंग्रजांनी बांधले' ह्या उत्तरात बाथ गावचा तो विशीतला मुलगाही हरवतो, हे ध्यानी घ्यावे. स्टीव्हन्स हे 'इंग्रज' ह्या शब्दात मावण्यासारखे नव्हते. सत्ता गाजविण्यास आलेले अनेक आले आणि पेन्शन घेऊन गेले. हा मनुष्य तिसांहून अधिक वर्षे एका शहरास दगडाचे घडवीत राहिला आणि तेथेच निजला. त्यांस त्यांचे श्रेय पूर्ण द्यावे. त्यांचे श्रेय काढून वैद्यांस देणे हाही खोटेपणाच होईल. दोन्ही नावे एका श्वासात घ्यावीत, एवढेच आमचे मागणे आहे.

मुलगा सुटी संपवून परत गेला त्या दिवशी आम्ही त्यास बोरीबंदरावर पोचवावयास गेलो. गाडीस अवकाश होता. चौकात उभे करून आम्ही त्यास सांगितले, "बाळ, परवा मामा चुकला. हे इंग्रजांनी बांधले नाही. हे स्टीव्हन्स नावाच्या एका माणसाने आखले, सीताराम खंडेराव वैद्य नावाच्या दुसऱ्या माणसाने उभे केले, कलाशाळेच्या मुलांनी कोरले, आणि हजारो गवंडी-पाथरवटांनी दहा वर्षे बांधले." त्याने मान वर करून बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, "आणि अंबरनाथचे?"

त्याचे उत्तर आमच्यापाशी अर्धेच होते. राजाचे नाव सांगितले, शक सांगितला, आणि म्हटले, "बांधणाऱ्यांची नावे त्या वेळी कोणी लिहून ठेविली नाहीत, म्हणून आपण लिहून ठेवावयाची." तेवढ्यात गाडीची वेळ झाली.